ट्रॅक्टरचा तिसरा ब्रेक

आमच्या ट्रॅक्टरला तीन ब्रेक होते. पहिले दोन कंपनीनं दिलेले, उजव्या पायाखाली शेजारी शेजारी बसवलेल्या दोन पॅडलांचे. तिसरा ब्रेक मी. वय वर्षं अकरा, बैठक डाव्या मडगार्डवर आणि पायाशी एक काळा दगड. ट्रॅक्टर उतारावर थांबला की इंजिन बंद व्हायच्या आत खाली उडी मारायची आणि मागच्या चाकाला दगड लावायचा, हे माझं काम. दगड एका बाजूनं उतरता होता, चाकाखाली पाचरीसारखा बसायचा. तो हरवला तेव्हा घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नव्हतं.

शहरातल्या वाचकांना वाटेल की ट्रॅक्टर सपाटीवर का उभा करत नव्हता? तर बॅटरीसाठी. आमची बॅटरी बाराही महिने आजारी. त्यामुळे मुक्काम नेहमी उतारावर. सकाळी दगड काढायचा, ट्रॅक्टर आपल्या वजनानं घरंगळू लागला की गिअर टाकून क्लच सोडायचा आणि तो धडधडत जागा व्हायचा. निम्म्या महाराष्ट्राचे ट्रॅक्टर तेव्हा असेच सुरू होत. म्हणजे रात्रभर दीड-दोन टनांचा तो ऐवज माझ्या दगडाच्या भरवशावर उभा असायचा. याचा मला केवढा अभिमान!

ट्रॅक्टर १९७२ सालचा, पस्तीस हॉर्सपॉवरचा. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो १९७८ मध्ये जुना म्हणूनच घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात तिचा काही दोष नव्हता. गाव सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. अर्थातच उसाचं. गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं तो ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमधून बाहेर काढला, कोंबड्यांना हुसकावलं आणि मला फोन केला, "काका, आपला म्हातारा मी पुन्हा रस्त्यावर आणतोय. ब्रेक एकदम ताकदीचे करून घेतो. हंगामात दोन ट्रॉल्या ओढील." हा लेख त्या फोनमुळे लिहितो आहे.

आधी त्या दोन पॅडलांबद्दल. मोटारीला ब्रेकचं एक पॅडल असतं आणि ते चारही चाकं धरतं. जुन्या ट्रॅक्टरला पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. मागच्या दोन मोठ्या चाकांना आहे, आणि तोही प्रत्येक चाकाला वेगळा. डावं पॅडल दाबलं की डावं चाक धरलं जातं, उजवं दाबलं की उजवं. हे कशासाठी? तर वळण्यासाठी. नांगर तासाच्या शेवटी येतो, समोर बांध, बांधापलीकडे भावकीचं शेत. तिथं चाक घालाल तर कोर्टात जावं लागेल! नुसतं स्टिअरिंग फिरवून वळायला जागा नसते. भुसभुशीत रानात पुढची चाकं वळून नुसती घसरतात. मग डावीकडं स्टिअरिंग मारायचं आणि डावा ब्रेक दाबायचा. डावं चाक जागेवर थबकतं, डिफरन्शियलमुळे इंजिनाची सगळी फिरकी उजव्या चाकाला जाते आणि ट्रॅक्टर फुगडी घातल्यासारखा स्वतःभोवती वळतो. चिखलात एक चाक गरगरत राहिलं तर त्याच चाकाचा ब्रेक हलकेच दाबून दुसऱ्याला जोर देता येतो. जुना ड्रायव्हर हे इतक्या सहज करतो की त्याच्या पायाकडं आपलं लक्षही जात नाही.

म्हणजे हा ब्रेक मुळात रानातला आहे. गाडी थांबवण्यापेक्षा वळवण्यासाठी त्याचा जास्त उपयोग. रस्त्यावर जायचं असेल तर दोन्ही पॅडल एकमेकांना जोडणारी एक छोटी लोखंडी पट्टी असते. वितभरसुद्धा नाही. ती टाकली की दोन्ही पॅडल एकत्र दबतात. रानात पट्टी काढायची, रस्त्यावर टाकायची. सगळं शास्त्र एवढंच.

या मांडणीमागं इतिहासही आहे. फोर्डच्या १९३९ च्या ९एन ट्रॅक्टरमध्ये डाव्या चाकाचा ब्रेक डाव्या पायाकडं, क्लचच्या बाजूला होता. क्लच आणि डावा ब्रेक एकाच पायाच्या वाट्याला, म्हणजे केवढी तारांबळ! १९४७ च्या ८एनमध्ये दोन्ही ब्रेक उजवीकडं आणले. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ पासून बनू लागला. त्याच्या मागच्या चाकांत चौदा इंची ड्रम आणि दोन इंच रुंदीचे शू होते. आपल्याकडं ऐशरचा ट्रॅक्टर १९५९ मध्ये तयार झाला, १९६० मध्ये मद्रासला टॅफे निघाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर इथं बनू लागले, १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी केली. इंटरनॅशनलच्या बी-२७५ ला ड्रमऐवजी कोरड्या डिस्क होत्या. पण ड्रम काय किंवा डिस्क काय, ही सगळी यंत्रं आखली गेली ती नांगर, पेरणी आणि फारतर गवताची गाडी ओढण्यासाठी. आपण त्यांच्यामागं साखर कारखाना बांधला.

आता त्या दिवसाकडं येतो. १९८६ चा डिसेंबर. मी तेरा वर्षांचा. ट्रॅक्टर चालवायला एक गृहस्थ होते, सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मामा कमी बोलायचे. रस्त्याला लागण्यापूर्वी मान न वळवता एकच प्रश्न विचारायचे, "आरं, पट्टी टाकलीस का?" मी "टाकली" म्हणायचो आणि ट्रॅक्टर निघायचा. दगडाबरोबर पट्टीही माझ्याकडंच होती.

त्या दिवशी सकाळी वरच्या रानात नांगरट झाली. मामांनी मला शेवटची दोन तासं एकट्याला मारू दिली. तेराव्या वर्षी याहून मोठा मान नसतो. दुपारी नांगर काढला, ट्रॉली जोडली आणि फडावर गेलो. टोळीनं मोळ्या भरल्या. सांज होत आली होती. मामांनी विचारलं, "पट्टी टाकलीस का?" मी म्हणालो, "टाकली." मी टाकली नव्हती. डोक्यात ती दोन तासंच घोळत होती.

रानातून पक्क्या रस्त्याला लागायचं तर कालव्याचा भराव उतरून पूल गाठावा लागतो. उतार फार नाही. अर्ध्या उतारावर समोरून पुलावर एक बैलगाडी आली. मामांनी ब्रेकवर पाय मारला. पाय पडला उजव्या पॅडलवर, एकट्या उजव्या. उजवं चाक जागच्या जागी धरलं गेलं, ट्रॅक्टरनं उजवीकडं तोंड फिरवलं आणि मागून उसानं भरलेली ट्रॉली सरळच येत राहिली. तिनं ट्रॅक्टरला मधोमध रेटलं. मी मडगार्डवरून उसाच्या सरीत फेकला गेलो. ट्रॅक्टर चरात कलंडला, ट्रॉली आडवी झाली. मामांचा पाय मडगार्ड आणि भरावाच्या मध्ये सापडला. बैल आणि गाडीवान शाबूत राहिले, ते केवळ ट्रॅक्टर पुलापर्यंत पोचला नाही म्हणून.

मामांच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पुढं ते चालू लागले, पण लंगडत. ट्रॅक्टरवर पुन्हा बसले नाहीत.

गावानं निदान केलं : ब्रेक फेल. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं. मी पुढं वर्तमानपत्राच्या धंद्यात आलो आणि गाळपाच्या प्रत्येक हंगामात ही दोन अक्षरं बातमीत वाचत आलो, काही वेळा स्वतःच्या हातानं लिहिलीसुद्धा. उसाची ट्रॉली उलटली, ब्रेक फेल. ट्रॅक्टर दरीत, ब्रेक फेल. दर वेळी मला तो भराव आठवतो. आमचा ब्रेक फेल झाला नव्हता. उजवा ब्रेक उत्तम लागला होता. आम्हाला महाग पडलं ते त्याचं एकट्याचं उत्तम लागणं. 'ब्रेक फेल' म्हटलं की दोष लोखंडावर जातो आणि माणसं सुटतात. मीही सुटलो.

पंधराएक वर्षांनी, दिवाळीला गावी गेलो असताना, मी मामांच्या ओट्यावर बसून ते सांगितलं. मामा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "मला ठावं हुतं. चरात पडल्या पडल्या पैली पट्टीच बघितली मी." मग थोड्या वेळानं, "पट्टी बघायची ती डायवरनं. पोराला इचारून गाडी हाकायची नसती." एवढंच. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. २०११ मध्ये मामा गेले.

अपघातानंतर दादांनी जे केलं ते मात्र लिहिलं पाहिजे, कारण जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर गावोगाव हेच प्रयोग होतात. ट्रॅक्टर घरी आणल्यावर आठवड्याच्या आत दादांनी वेल्डरला बोलावून दोन्ही पॅडल एकमेकांना कायमची जोडून टाकली. पट्टी विसरायचा प्रश्नच मिटला! पण रानात ट्रॅक्टर वळेना. प्रत्येक तासाला पुढं-मागं करून तीन हिसके द्यावे लागायचे, कोपरे पड राहायचे. ते चाललं असतं एकवेळ. पण रस्त्यावरही दोन्ही पॅडल एकत्र दाबून ट्रॅक्टर डावीकडं ओढायचाच. का, तर पॅडल एकत्र दबली म्हणून चाकं सारखी धरली जातात असं नाही. प्रत्येक ब्रेकचा रॉड वेगळा, त्याचा ढिलेपणा वेगळा, शूची झीज वेगळी. रानात आम्ही डावीकडं जास्त वळायचो की उजवीकडं, यावरसुद्धा कुठला शू आधी झिजणार हे ठरतं. वेल्डिंगनं आजार झाकला, बरा केला नाही.

मग मेकॅनिक म्हणाला, पॅडल जड आहे, लांब करू. अर्धा फूट पाइप जोडून पॅडल उंच केलं. तरफ लांब झाली, पाय हलका झाला, सगळे खूश. इथं एक गोष्ट सांगायला हवी. ड्रमच्या आत दोन शूंच्या मध्ये एक कॅम असतो. पॅडल दाबलं की तो फिरतो आणि शू फाकून ड्रमला भिडतात. लायनर झिजला की कॅमला जास्त फिरावं लागतं. कंपनीनं पॅडल जिथं अडायला हवं तिथं अडेल एवढंच आखलेलं असतं. आपण पॅडल लांब करून जोर वाढवला की झिजलेल्या शूमध्ये कॅम प्रमाणाबाहेर फिरतो, उताणा पडतो आणि ब्रेक लागला तो लागलाच राहतो. आमचा एकदा तसाच अडकला. नशीब की घरासमोर.

तिसरा प्रयोग तेलाचा. मागच्या आसाचं ऑइल सील जुनं झालं की आतलं तेल झिरपून शूवर येतं. तेलकट शू धरत नाही, किंवा भलत्याच वेळी चिकटतो. तेव्हाचा खात्रीचा उपाय म्हणजे शू काढायचे, रॉकेल ओतून पेटवायचे आणि परत बसवायचे. वरचं तेल जळतं, शू कोरडा दिसतो, दोन दिवस बरा चालतो. पण लायनरनं आत शोषलेलं तेल उतारावर ब्रेक तापला की पुन्हा वर येतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा. उपाय एकच, सील बदला आणि लायनर नवा घाला. सील हा प्रकार अख्ख्या ट्रॅक्टरमध्ये सगळ्यात स्वस्तांपैकी, पण तिथपर्यंत पोचायला आस उघडावा लागतो, त्याची मजुरी नको वाटते. आणखी एक. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की आम्ही तोंडानं फुंकर मारून धूळ उडवायचो, मी तर हौसेनं. अशी धूळ फुंकू नये, कॉम्प्रेसरची हवाही मारू नये, ओल्या फडक्यानं टिपावी. ज्यांच्या घरी अजून असा जुना ट्रॅक्टर आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता पुतण्याच्या दोन ट्रॉल्या. त्याचं म्हणणं असं की हल्ली तेलात बुडालेले ब्रेक मिळतात, पॅडलला हायड्रॉलिक जोडता येतं, मग म्हातारा नव्या ट्रॅक्टरसारखा थांबेल. हे सगळं मिळतं, खोटं नाही. तेलातले ब्रेक कोरड्यापेक्षा थंड राहतात, जास्त टिकतात, चिखलपाण्याची त्यांना फिकीर नसते. नव्या ट्रॅक्टरमध्ये ते असतात हे चांगलंच आहे. पण मी त्याला फोनवरच कागद-पेन घ्यायला लावलं. वाचकांनीही घ्यावं, गणित सातवीतलं आहे.

आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हरसकट धरू अठराशे किलो. त्यातलं मागच्या चाकांवर बाराशे. ब्रेक फक्त याच दोन चाकांना. कोरड्या डांबरावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण साठ टक्के एवढ्या जोरानं जमीन धरतो, म्हणजे सातशे वीस किलोंचा रेटा. ब्रेक ड्रमचा असो, डिस्कचा असो, विमानाचा काढून बसवा, याहून जास्त रोध मिळणार नाही. त्यापुढं टायर घसरेल. आता ताशी वीस किलोमीटर वेगानं नुसता ट्रॅक्टर असेल तर तो चारएक मीटरात थांबतो. त्याच्यामागं बिनब्रेकची, चार चाकांची, ऊस धरून सहा टनांची ट्रॉली जोडा. तेच अंतर सतरा मीटर होतं. अशा दोन जोडा, तीस मीटर. यात ड्रायव्हरला समोरचं दिसून पाय हलेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. एका सेकंदात साडेपाच मीटर जातातच. वेग दुप्पट केला तर ही अंतरं चौपट. आणि हे सपाटीवर. वीस फुटांत एक फूट असा उतार घ्या, जो चालताना आपल्याला जेमतेम जाणवतो. त्या उतारावर दोन ट्रॉल्यांचा ओढा आणि आपला सातशे वीस किलोंचा रोध जवळजवळ सारखे होतात. याचा अर्थ, ब्रेक पूर्ण दाबूनही ती गाडी थांबतच नाही. आहे त्या वेगानं खाली जात राहते. कालव्याच्या भरावाला याहून जास्त उतार आहे.

पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "मग लोक ओढतात ते कसं?"

लोक ओढतात ते इंजिनाच्या जिवावर. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि उताराला लागायच्या आधी गिअर टाका, मध्येच नको. आजचं पोरगं चार थेंब डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारतं. न्यूट्रल मारलं की राहतात फक्त ते दोन शू, आणि वर काढलेलं गणित.

बैल याबाबतीत शहाणे होते. भरल्या गाडीला उतार लागला की बैल मागच्या पायांवर रेलायचे, मान वर करून जू अडवायचे. आपल्यामागचं ओझं आपल्याला ढकलतं आहे हे त्यांना मानेवर कळायचं. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला ते कळायला कुठलीच जागा नाही. ओझं ढकलतं ते हुकावर, त्याच्या पाठीमागं, आणि हल्ली तर गाण्यांच्या आवाजात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये सुधारणा करायचीच असेल तर ती ट्रॅक्टरच्या मागं करावी. ओझं ज्या चाकांवर आहे त्या चाकांना ब्रेक हवा. यात नवं काही नाही. ट्रॉली पुढं रेटू लागली की तिच्याच दांडीच्या सरकण्यानं लागणारे ब्रेक आहेत, ट्रॅक्टरच्या पॅडलबरोबर हायड्रॉलिकनं किंवा हवेच्या दाबानं लागणारे आहेत. दुसऱ्या देशांत शेतावरच्या मोठ्या ट्रॉल्यांना ते असणं नेहमीचं आहे. आपल्याकडं गावातला फॅब्रिकेटर ट्रॉली बांधतो तेव्हा गिऱ्हाईक पाटे किती मोठे, फाळके किती उंच, ऊस किती टन बसेल हे विचारतं. रंगात नाव कुठल्या अक्षरात लिहायचं यावर तासभर चर्चा होते. ब्रेकचं नाव कोणी काढत नाही. साउंड सिस्टिमला पैसे असतात. त्या पैशात काय काय झालं असतं ते मी मोजत बसत नाही. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याच कायद्याचं ५२ वं कलम, नोंदणीपत्रकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करायला मनाई करतं. म्हणजे झिजलेला शू बदलणं वेगळं आणि वेल्डिंग मशीन घेऊन नवीनच काहीतरी उभं करणं वेगळं. जुन्या ट्रॅक्टरवर मोठं काम काढायच्या आधी परिवहन कार्यालयात विचारून घेतलेलं बरं. पण मला कायद्यापेक्षा एक साधी जागा जास्त भरवशाची वाटते. ती म्हणजे कारखान्याचं आवार. हंगामात ट्रॅक्टर तिथं नंबर लागेपर्यंत तासन् तास उभे असतात. ड्रायव्हर तंबाखू मळत बसलेले असतात. वजनकाट्यावर प्रत्येक गाडी थांबतेच. ट्रॉलीमागं लाल परावर्तक कापड आहे का, हे पाहण्याच्या मोहिमा हंगामात होतात आणि ते चांगलंच आहे. त्याच वेळी एका माणसानं वाकून पॅडलांमधली पट्टी जागेवर आहे का एवढं पाहिलं तर? अर्ध्या मिनिटाचं काम आहे. अनेक जुन्या ट्रॅक्टरांवर ती पट्टीच नसते. रानात खुळखुळते, पायात येते, म्हणून कधीतरी काढून ठेवलेली असते आणि मग मिळत नाही. गेल्या हंगामात मी आमच्या भागातल्या रांगेतून एकदा उगाच हिंडलो. काही ड्रायव्हरांनी पट्टी कशाला म्हणतात, असं मलाच विचारलं. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही.

घरातल्या बायकांनाही यात एक सांगायचं आहे. ट्रॅक्टर कर्त्या पुरुषांचा, असं आपण धरून चालतो. पण मडगार्डवर मुलगा बसवून पाठवतो आपण सगळेच. आई दर वेळी "नीट धरून बस" म्हणायची. मडगार्ड ही बसायची जागाच नव्हे. कंपनीनं ट्रॅक्टरला बैठक एकच दिलेली असते.

पुतण्यानं शेवटी ऐकलं, निदान निम्मं. दोन ट्रॉल्यांचा बेत सोडला. आता म्हातारा रानातलंच काम करणार, गावातल्या गावात खत-वैरण नेणार. ब्रेक मात्र त्यानं मूळचेच ठेवून मनापासून केले. लांब केलेलं पॅडल कापून पूर्वीसारखं केलं. वेल्डिंग तर दादांनीच पुढं कंटाळून तोडायला लावलं होतं. दोन्ही बाजूंची सीलं नवी, लायनर नवे, ड्रम आतून सारखे करून घेतले. पॅडलांचा आडवा शाफ्ट गंजून जाम झाला होता, एक पॅडल दाबलं की दुसरंही थोडं ओढलं जायचं. तो काढायला डिझेलमध्ये तीन दिवस भिजत ठेवावा लागला. त्याच्या टोकाला ग्रीस भरायचं बोंड होतं, ते आम्हाला चाळीस वर्षांत दिसलं नव्हतं! पट्टी मात्र भंगारात मिळेना. त्यानं जुन्या पाट्याच्या पोलादातून घडवून घेतली आणि तिला लाल रंग दिला.

मार्चमध्ये मी गावी गेलो तेव्हा परीक्षा घेतली. ऊस गेलेलं, नांगरून सपाट केलेलं कोरडं रान. वर पातळ धूळ. पट्टी टाकलेली. मला बांधावर उभं करून त्यानं ट्रॅक्टर धिम्या चालीनं आणला, क्लच दाबला आणि दोन्ही पॅडलांवर पाय दिला. ट्रॅक्टर नाक खाली घालून थांबला. आम्ही दोघंही मागं जाऊन उकिडवे बसलो. दोन्ही चाकं जिथं धरली गेली तिथपासून धुळीत घसरल्याच्या दोन रेघा उठल्या होत्या. दोन्ही सारख्या हव्यात. त्यानं वितीनं मोजल्या. डावी पाच विती, उजवी चारला कमी. उजवा ब्रेक अजून उशिरा लागत होता. त्यानं पाना काढला, उजव्या रॉडला एक आटा दिला आणि पुन्हा वर चढला.

"काका, बाजूला व्हा," तो म्हणाला. मग थांबला, मान वळवली, खाली वाकून स्वतःच्या हातानं पट्टी हलवून पाहिली आणि मगच क्लच सोडला.